टोपीच्या आतली बाजू

फेल्टची टोपी हातात आली की मी ती आधी उलटी धरते. तिची बाहेरची बाजू साऱ्या जगाने पाहिलेली असते. ज्या माणसाने ती वर्षानुवर्षं घातली त्याचा माग आतच लागतो. चामड्याच्या पट्टीवर घामाने उमटलेली काळपट रेघ, अस्तरावर खोबरेलाचा डाग, पट्टीमागे खोचलेली कागदाची घडी, कुठे जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली आद्याक्षरं. हे सगळं वाचता येऊ लागलं तेव्हा मला या छंदाची खरी गोडी लागली.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात मी जुन्या फेल्टच्या टोप्या आणि हॅट्स गोळा करते. त्या दुकानात फारशा मिळत नाहीत. मिळतात त्या माळ्यावर. नौपाड्यातली, टिळकनगरातली किंवा पारनाक्याजवळची एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला जाते, भाड्याच्या घरात जाण्यासाठी सामान बांधायला सुरुवात होते आणि कित्येक वर्षांत न उघडलेल्या ट्रंका खाली येतात. पितळेची भांडी मुली-सुना वाटून घेतात. सागवानी कपाटाला गिऱ्हाईक मिळतं. पुस्तकांसाठी वाचनालयं आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. टोपीला मात्र कुठेच जागा नसते. ती जुन्या चपला आणि मोडक्या छत्र्यांबरोबर भंगाराच्या पोत्यात जाते.

ज्या शिरोभूषणांना मान आहे त्यांना तो भरपूर आहे. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. पाडव्याला डोंबिवलीत स्वागतयात्रा निघते किंवा दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाई जमते, तेव्हा फेटे असतात, पगड्याही असतात. आजोबांची काळी टोपी घालून आलेला नातू मला त्या गर्दीत अजून दिसलेला नाही. पगडीत पेशवाई दिसते, फेट्यात मर्दानी थाट दिसतो. काळ्या टोपीत दिसतो तो कारकून, शाळामास्तर, पोस्टमास्तर, वकिलाचा मुनीम. त्यांना मिरवण्याची आपल्याला सवय नाही. पण हा पट्टा वसवला तो याच माणसांनी. १८५३च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्या वर्षी १ मेला ती कल्याणला पोचली आणि त्यानंतरच्या पिढ्या सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी घराकडे जात राहिल्या. त्यांच्या डोक्यावर जे होतं ते मला जपावंसं वाटतं.

काळी टोपी म्हटली की ती फेल्टचीच असते असं नाही. लोक मला जे आणून देतात त्यात बरंच काही निघतं. आत पुठ्ठा किंवा बकरम घालून वर मखमल शिवलेली टोपी असते. लोकरी कापडाची, दोन्ही टोकं किंचित वर उचललेली आणि घडी घालून खिशात मावणारी टोपी असते. कधी ‘साहेबाची हॅट’ म्हणून सोला टोपी येते. ती हातात घेताच वजनावरून कळते, कारण ती भेंडाची असते. ज्या भेंडापासून बाशिंगं बनतात त्याच्याच पातळ थरांवर कापड चढवलेलं असतं. खऱ्या फेल्टच्या टोपीला माथ्यावर शिवण नसते. ती लाकडी साच्यावर ओढून एकसंध घडवलेली असते. भिंग घेऊन कडेला पाहिलं तर उभा-आडवा धागा दिसत नाही, कारण फेल्ट विणलेलं नसतंच. तंतू एकमेकांत गुंतून त्याचं कापड झालेलं असतं.

हे गुंतणं होतं कसं? लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की तंतू सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मग ते मागे फिरत नाहीत. लोकरी स्वेटर गरम पाण्यात धुतला तर तो आटून जाड होतो, त्याच्या मुळाशी हीच क्रिया असते. टोपी करणारे तीच क्रिया हवी तेवढी आणि हवी तिथे घडवून आणतात. आपल्याकडे ही विद्या नवी नाही. कोल्हापूर-बेळगावकडचे पिंजारी दख्खनी मेंढीची लोकर पिंजून, पाणी मारून आणि तुडवून तुडवून जेन, म्हणजे जमवलेल्या लोकरीचं जाड कापड, तयार करत आले आहेत. घोड्याच्या खोगिराखाली नमदा असे आणि जुन्या घरांत अंथरा-पांघरायला बुरणूस असे. विणून झाल्यावर आटवून घट्ट केलेलं लोकरी कापड म्हणजे बनात. चेंदणीसारख्या कोळीवाड्यांतून कपाळावर महिरप कापलेली लाल बनातीची टोपी कोळ्यांच्या डोक्यावर दिसत असे. तीही अर्धी विणलेली आणि अर्धी जमवलेलीच.

ठाण्याचं तर लोकरीशी कारखान्याचं नातं होतं. १९२५ साली रेमंड हे नाव घेतलेली लोकरीची गिरणी इथलीच. १९४४ साली ती सिंघानियांकडे आली, पोखरण रोडवर जेकेग्राम उभं राहिलं आणि २००९ साली ठाण्यातली गिरणी बंद झाली. सुरुवातीला तिथे जाडीभरडी ब्लँकेटं निघत. ब्लँकेटच्या कापडाला ऊब, ओल आणि दाब देऊन आटवावं लागतं. म्हणजे ज्या शहरात मी फेल्टच्या टोप्या शोधते त्याच शहरात लोकर आटवण्याचं ज्ञान हजारो हातांत होतं. आज त्या जमिनीवर टॉवर आहेत. तिथून जाताना मला नेहमी वाटतं, लोकरीचा पोत बोटांनी ओळखणारं एखादं माणूस अजून इथेच कुठेतरी राहत असेल आणि आपण त्याला काही विचारत नसू.

ससा आणि बीव्हर यांच्या केसांचं फेल्ट लोकरीच्या फेल्टहून निराळं. ते बारीक, मऊ आणि घट्ट असतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो बराच वेळ मोत्यासारखा उभा राहतो. लोकरीचं फेल्ट स्वस्त आणि जरा खरबरीत; भिजून तापलं की आकसतं. लंडनची क्रिस्टीज १७७३ची, इटलीत अलेस्सांद्रियाची बोर्सालिनो १८५७ची, फिलाडेल्फियाची स्टेटसन १८६५ची. या नावांच्या हॅट्स मुंबईच्या बंदरातून इथवर पोचल्या. पण या मऊपणाची किंमत कुणीतरी मोजली होती. सशाचे केस चटकन जमावेत म्हणून त्यांना पाऱ्याचं नायट्रेट लावत. बंद खोल्यांत ती वाफ घेऊन टोपीवाल्या कामगारांचे हात थरथरू लागत, बोलणं अडखळे, स्वभाव बिघडे. अमेरिकेत हा वापर १९४१च्या अखेरीस थांबला. म्हणून त्याआधीच्या केसाळ फेल्टच्या हॅट्स मी हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवून हाताळते. पारा त्यांत अजून असू शकतो. सुंदर वस्तूमागे कुणाचे हात कापत होते हे आठवण्यासाठीही ते हातमोजे बरे.

आपल्या पट्ट्यात काठाच्या हॅट्स कुणाकडे असत, याचा विचार केला की गावाचा नकाशा वेगळाच दिसू लागतो. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. ठाण्याच्या आसपास ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं होती आणि आहेत. टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं शआर हाशामायिम हे सिनेगॉग आहे. तिथे येणारे बेने इस्रायल लोक घरी मराठी बोलतात आणि प्रार्थनेला पुरुष डोकं झाकून बसतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९च्या ऑगस्टमध्ये तिचं उल्हासनगर झालं. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सैन्याच्या रुंद काठाच्या, एका बाजूने वर मुडपलेल्या फेल्ट हॅट्स आणि गुरखा पलटणींच्या दुहेरी फेल्टच्या टेराई हॅट्स कुणाच्या ट्रंकेत निघाल्या तर मला नवल वाटत नाही. दुहेरी काठ बोटांत धरला की दोन थर वेगळे सरकतात. एवढ्या एका खुणेवर ती ओळखता येते.

ज्या टोप्या उरल्या नाहीत त्यांचाही हिशेब संग्राहकाने ठेवायला हवा. १९०५च्या दसऱ्याला पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. १९२१च्या ३१ जुलैला परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात त्याहून कितीतरी मोठी होळी पेटली. परदेशी टोप्या टाका, असं गांधीजी त्या काळात सभांतून सांगत होते आणि लोक डोक्यावरची टोपी काढून आगीत फेकत होते. त्यानंतर खादीची पांढरी टोपी आली आणि फेल्टच्या काळ्या टोपीला एक नवाच अर्थ चिकटला. डोक्याकडे पाहून माणसाचं राजकारण ओळखायचे ते दिवस. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशात १९३०पासून खाकीच्या जागी काळी टोपी आली. सावरकरांची काळी टोपी तर छायाचित्रांतून सर्वांच्या ओळखीची. पण काळी टोपी घालणारे बहुतेक जण कुठल्याच पक्षाचे नव्हते. कचेरीत उघड्या डोक्याने जायचं नसतं एवढंच त्यांना ठाऊक होतं. माझ्या कपाटात आज ज्या टोप्या आहेत त्या होळीतून वाचलेल्या किंवा होळीनंतर घेतलेल्या आहेत. ज्यांनी स्वतःहून टोपी जाळली त्यांची डोकी माझ्या संग्रहात नाहीत. कुठलाही संग्रह पाहताना ही मोकळी जागा डोळ्यांसमोर ठेवावी, असं मला वाटतं.

काठाच्या हॅटला आपल्या इतिहासात एक धारदार प्रसंग आहे. १९२८च्या डिसेंबरात पोलीस अधिकारी साँडर्सच्या वधानंतर भगतसिंग लाहोरहून निसटले ते साहेबी पोशाखात, फेल्ट हॅट घालून. सोबत पत्नीच्या भूमिकेत दुर्गाभाभी आणि त्यांचं लहान मूल. सामान वाहणारा नोकर झाले होते पुण्याजवळच्या खेडचे राजगुरू. हॅटकडे पाहून पोलिसांनी वाट सोडली. पुढे १९२९च्या एप्रिलमध्ये दिल्लीत काश्मिरी गेटच्या रामनाथ फोटोग्राफर्सकडे काढलेल्या छायाचित्रात तीच वेशभूषा अमर झाली. हॅटवाल्याचं चित्र घरोघरी लागलं. मला मात्र प्रत्येक वेळी त्या प्रवासातलं ट्रंक उचलणारं मराठी डोकं आठवतं. एका गाडीत दोन वेश होते. हॅट घालणाऱ्याला रस्ता मिळत होता आणि ओझं वाहणाऱ्याकडे कुणी पाहत नव्हतं. दोघांनाही तेच हवं होतं.

बाबासाहेब आंबेडकरांचीही फेल्ट हॅट घातलेली छायाचित्रं आहेत. ज्या समाजाने काय नेसावं आणि काय घालावं हे दुसरे ठरवत आले होते, त्या समाजातल्या माणसाने सूट, टाय आणि हॅट घालून ताठ उभं राहणं ही साधी आवड नव्हती. १९२७ साली महाडला त्यांनी स्त्रियांना नीटनेटकं लुगडं नेसायला सांगितलं होतं. पोशाख हा हक्क आहे, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर धारण करून दाखवलं. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कपडे आणि टाइपरायटर यांसारख्या वापरातल्या वस्तू जपलेल्या आहेत. तिथे लोक कोटासमोर हात जोडून उभे राहतात. कापड जपणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर त्या रांगेत एकदा उभं राहावं.

टोपी किंवा हॅट कधीची आणि कुठली, हे ओळखण्याची माझी पद्धत सोपी आहे. आधी आतली चामड्याची पट्टी हळूच बाहेर उलटायची. तिच्यामागे पुष्कळदा मापाची छोटी चिठ्ठी असते. छप्पन्न सेंटिमीटर घेराच्या डोक्याला इटालियन कारखाना ५६ लिहितो, अमेरिकन ७ लिहितो आणि इंग्रज ६ ७/८. त्यामुळे नाव पुसलेलं असलं तरी टेपने घेर मोजून चिठ्ठीशी ताडून पाहिलं की देश कळतो. मग पट्टीवरचा सोनेरी ठसा पाहायचा. त्यात कारखान्याचं नाव असतं, कधी मुंबईतल्या विकणाऱ्या दुकानाचंही. देशी टोपीला किमतीचं लेबल उरलं असेल तर फारच उत्तम. किंमत आण्यांत असली तर टोपी १ एप्रिल १९५७च्या आधीची. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४च्या मधली. घरातले ग्रुपफोटोही मागून घ्यावेत. शाळेचा शिक्षकवृंद, सोसायटीची कार्यकारिणी, कचेरीतला निरोपसमारंभ. एका घरातले असे फोटो ओळीने लावले तर आधी पगड्या, मग काळ्या टोप्या, मग एकदोन उघडी डोकी आणि शेवटी सगळीच उघडी, असा एका शतकाचा प्रवास दिसतो.

यातली एक टोपी जवळून सांगते. टिळकनगरातल्या एका घरी आवराआवर चालली होती. त्या घरच्या सूनबाईंनी बोलावलं म्हणून गेले. आजी पलंगावर बसून काय ठेवायचं आणि काय नाही ते सांगत होत्या. पत्र्याच्या डब्यातून गोल काळी टोपी निघाली. अस्सल फेल्ट, माथ्यावर शिवण नाही, मागच्या बाजूला लव झिजून गुळगुळीत झालेली. रोज तिथेच बोटं लागत असणार.

“ह्यांची टोपी,” आजी म्हणाल्या. “घरात आले की दाराजवळच्या खुंटीवर. दुसरीकडे कुणी ठेवायची नाही, असा नियम.”

“नोकरी कुठे होती, आजी?”

“फोर्टात. साहेब बदलले, कंपनी बदलली, ह्यांची खुर्ची तीच.”

मी पट्टी उलटली. मागे वर्तमानपत्राची लांब पट्टी तीनचार पदरी घडी घालून गोल बसवलेली होती. कागद पिवळा होऊन चहाच्या रंगाला आला होता. एका टोकाला कुठल्याशा जाहिरातीतली किंमत दिसत होती, नव्या पैशांत. म्हणजे साठच्या आगेमागेची घडी. टोपी त्याहून जुनी असणार, कारण पट्टीवरची घामाची रेघ कागदाखालीही होती. मी म्हटलं, “आजी, टोपी त्यांना मध्येच सैल व्हायला लागली होती का हो?”

आजी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “टायफॉइड झाला होता. दोन महिने अंथरुणावर. उठले तेव्हा डोक्यावर केस नव्हता. टोपी भुवयांपर्यंत यायची. नवी घ्या म्हटलं तर म्हणाले, केस येतील, टोपीला कशाला पैसे घालवायचे? मग मीच पेपर घातला आत.”

ती घडी त्यांच्याच हातची होती. केस आले, टोपी पुन्हा घट्ट बसली असेल, तरी कागद कुणी काढला नाही. एका आजाराची, एका पगाराची आणि एका बाईच्या हातची ही नोंद कुठल्याच वहीत नव्हती. ती टोपीच्या आत होती आणि बाहेरून कुणालाही दिसली नसती.

आता खरा प्रश्न पुढे येतो. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद जुना झाला की आम्लधर्मी होतो. तो चामड्याला लागून राहिला तर चामडं तडकतं. कागद ठेवला तर टोपी बिघडते आणि काढला तर टोपीची गोष्ट निघून जाते. मी तो जसा गोल बसला होता तसा आधी फोटोत टिपला, मग चपट्या चिमट्याने काढला आणि आम्लमुक्त कागदात वेगळा ठेवला. टोपीत तेवढ्याच जाडीची धुतलेल्या मांजरपाटाची पट्टी घातली, म्हणजे आकार राहील. दोन्हीवर एकच क्रमांक घातला.

तेलाच्या डागाचंही असंच आहे. आपल्याकडची डोकी तेल लावलेली. खोबरेल मुरून मुरून अस्तर खवट वासाचं होतं. घरच्या लोकांना वाटतं, ड्रायक्लीनला टाकावी, पेट्रोलने पुसावी, म्हणजे नवी दिसेल. मी हात जोडते. तो डाग म्हणजे त्या माणसाचं डोकं आहे. पण गोष्ट इतक्यावर संपत नाही. कसरीला लोकर आवडते आणि घाम-तेल लागलेली लोकर त्याहून जास्त आवडते. तिच्या अळ्या नेमक्या डागाच्या जागीच आधी लागतात. जे आपल्याला ठेवायचं आहे, नेमकं त्यालाच पहिली कीड लागते. डाग पूर्ण काढून टाकला तर हा धोका कमी होईल, पण मग टोपीत कुणीच उरणार नाही. म्हणून मी डाग ठेवते आणि त्याची राखण करते. जपणं म्हणजे नवं करणं नाही, पुन्हा पुन्हा उघडून पाहणं आहे, हे मला या डागांनी शिकवलं.

राखण करायची कशी, तर अशी. टोपी घरात आली की आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये. अळ्या आणि अंडी थंडीने मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. टोपी खोलीच्या उष्णतेला आली की मगच, नाहीतर तिच्यावर दव धरतं. मग धूळ. मऊ केसांचा ब्रश, लव ज्या दिशेला झोपली आहे त्याच दिशेने, हलक्या हाताने. काळ्या फेल्टला एक ब्रश आणि फिक्या फेल्टला दुसरा. फार धूळ असेल तर व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून कमीत कमी जोरावर. हॅट उचलताना माथ्याची चिमूट धरायची नाही. तिथेच फेल्ट आधी पातळ होतं आणि फाटतं. दोन्ही हातांनी काठ धरायचा. माथा चेपला असेल तर किटलीच्या वाफेवर जरा दुरून धरून आतून बोटांनी हळूहळू उचलायचा. चामड्याच्या पट्टीला मात्र वाफ लागू द्यायची नाही. ती आकसली की टोपी कायमची लहान होते.

आपला पावसाळा हा या कामातला सगळ्यात मोठा वैरी. जून ते सप्टेंबर भिंती घामेजतात, कपाटात बुरशीचा वास येतो. प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेली टोपी त्या दिवसांत आतल्या आत कुजते. धुऊन खळ पूर्ण काढलेल्या जुन्या सुती पातळात ती गुंडाळावी. खळ राहिली तर कागद-कापड खाणारी कीड तिच्या वासाने येते. हॅट माथ्यावर उलटी ठेवावी, म्हणजे काठाचा बाक मोडत नाही. डांबरगोळ्या थेट फेल्टला लागू देऊ नयेत. वेखंडाची पुरचुंडी बरी, पण तिच्या भरवशावर राहू नये. दसरा झाला की सगळं बाहेर काढून सकाळच्या वाऱ्याला सावलीत ठेवावं. ऊन दाखवायची आपली रीत गाद्यांना आणि मिरच्यांना ठीक. काळा रंग ऑक्टोबरच्या उन्हात तांबूस पडतो आणि मग तो परत येत नाही. याच वेळी प्रत्येक टोपीची आतली बाजू भिंगाखाली पाहायची. लव चरल्यासारखी एखादी बोडकी वाट दिसली की ती टोपी पुन्हा फ्रीजरमध्ये.

हे सगळं शिकता येतं आणि शिकून चुकत नाही. शिकता येत नाही ते फक्त टोपीच्या माणसाचं नाव. टिळकनगरच्या टोपीसाठी मी कार्ड लिहायला घेतलं आणि आजींना नाव विचारलं. त्यांनी पदर सारखा केला आणि सुनेकडे पाहून म्हणाल्या, “तू सांग गं हिला.” इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी ते नाव उखाण्याखेरीज घेतलं नव्हतं आणि आता टोपीसाठीही घेणार नव्हत्या. सुनेने सांगितलं. गाव, कचेरी, शाळा आणि टायफॉइडचा अंदाजे काळ आजींनी स्वतः सांगितला आणि कार्डावर आला. पेपर कुणी घातला तेही मी लिहिलं. ते लिहिताना आजी माझ्याकडे बघत होत्या. “माझं कशाला?” म्हणाल्या, पण खोडायला सांगितलं नाही.

म्हणून घर पुनर्विकासाला निघालं असेल, माळा उतरवायचा असेल, तर एक विनंती आहे. टोपी मला द्या असं मी म्हणत नाही. घरात ठेवा, नातवाला द्या, संस्थेला द्या. ती धुऊ नका, घासू नका, आतलं काही काढून फेकू नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: कुणाची, कुठे घालून जायचे, कुठल्या खुंटीवर ठेवायचे, शेवटची कधी घातली. ते पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने लिहा, कारण शाई ओलीत पसरते, आणि टोपीसोबत ठेवा. फेल्ट नीट राखलं तर शंभर वर्षं टिकतं. सांगणारं माणूस तेवढं टिकत नाही. कार्ड आधी, ब्रश नंतर.